बारा धड्यांचं छत

तपासणीत आमच्या पाळणाघराला एकच तारा मिळाला आणि त्याच दुपारी छत खाली येऊन साडेतीन फुटांवर थांबलं. कुणाला लागलं नाही. पंखा मी वेळेवर बंद केला होता. मुलं उभी राहिली की त्यांच्या डोक्यावर चार बोटं जागा उरायची. मला आणि हसीनाभाभींना मात्र रांगावं लागायचं.

संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या आया दारात वाकून बघू लागल्या.

“छत खाली आलं वाटतं, बाई?”

“हो. एकच तारा मिळाला ना.”

“मग येणारच,” असं म्हणून त्या आपापली मुलं घेऊन गेल्या.

पत्रात लिहिलं होतं की पंचेचाळीस दिवसांत सर्व कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन प्रशिक्षणाचे बारा धडे पूर्ण करावेत, मग फेरतपासणी होईल. सुधारणा न दिसल्यास शून्य तारे. शून्य म्हणजे काय हे आम्हाला विचारावं लागलं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघराला गेल्या वर्षी शून्य मिळालं. मुलं आधीच बाहेर काढली होती म्हणून बरं. तिथलं छप्पर आता जमिनीपासून वीतभर वर आहे. लोक त्यावर मिरच्या वाळत घालतात.

आमच्याकडे बावीस मुलं. सगळ्यांच्या आया यंत्रमागावर कामाला. पाळणाघर गेलं तर ही मुलं दिवसभर दोन मागांच्या मधल्या बोळात, सुताच्या धुळीत झोपणार. मी एकोणीस वर्षं मुलं सांभाळत होते. फोनमधल्या बाईकडून तेच काम शिकायचं, हे मला पचत नव्हतं. पण शिकायचं ठरवलं.

दुपारी एक ते तीन मुलं झोपायची. तेवढ्या वेळात फोन डब्याला टेकवून आम्ही दोघी पालथ्या पडायचो. पडद्यावर निळ्या साडीतल्या एक मॅडम यायच्या. त्या शिकवायच्या, मग प्रश्न विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायच्या. उत्तर चुकलं की त्या भांडंभर पाणी प्यायच्या. आम्ही पुन्हा उत्तर द्यायचो.

पहिला धडा हात धुण्याचा. हसीनाभाभींनी वीस सेकंद मोजत हात धुतले आणि पडद्यासमोर धरले. मॅडमनी नखं नीट बघितली. “छान,” त्या म्हणाल्या. छत वीतभर वर गेलं.

भाभी चौथीपर्यंत शिकलेल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या. स्वयंपाक आणि साफसफाई त्यांच्याकडे होती. दुसऱ्या धड्यात मॅडम म्हणाल्या, “मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या.”

“आम्ही तिथंच आहोत, मॅडम,” भाभी म्हणाल्या.

“दिसतंय मला,” मॅडम म्हणाल्या आणि आणखी एक वीत मिळाली. तिसऱ्या धड्यानंतर भाभींना मान वाकवून का होईना, उभं राहता येऊ लागलं.

चौथ्या धड्यात प्रश्न होता, “शांत मूल हे चांगलं मूल. बरोबर की चूक?”

“बरोबर,” मी म्हणाले.

मॅडम पाणी प्यायल्या. छत खाली सरकलं.

“ताई, चूक म्हणा,” भाभी माझ्या कानाशी म्हणाल्या.

पण मला खोटं बोलवेना. आमच्या भिंतीपलीकडे चोवीस तास माग चालतात. त्या आवाजात बावीस मुलांना सांभाळायचं तर हाताची घडी, तोंडावर बोट, यावाचून मला दुसरं काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशीही मी बरोबर म्हणाले आणि तिसऱ्या दिवशीही. छत दीड फुटावर आलं. मुलं पोटावर सरपटू लागली. त्यांना मजा वाटत होती. भाभी आडव्या पडूनच भात वाढायच्या. मी कूस बदलली तर खांदा छताला घासायचा.

अठरा दिवस उरले होते.

त्या दुपारी मॅडमनी प्रश्न विचारलाच नाही. त्या पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली.

“मालनबाई, तुमच्याकडचं एक मूल सात महिने बोललेलं नाही.”

“तनिष्का. साडेतीन वर्षांची आहे. फार गुणी. तिचा काही त्रास नाही.”

“ती दिवसभर काय करते?”

बाकी एकवीसजणांचं मी सांगू शकले असते. कोण चावतं, कोण माती खातं, कुणाला झोपताना कान धरायला लागतो. तनिष्काचं मला काहीच माहीत नव्हतं. मला लाज वाटली. एकोणीस वर्षांत या कामाची मला पहिल्यांदा लाज वाटली.

मी सरपटत तिच्याकडे गेले. ती भिंतीला कान लावून पडली होती, जागी. मीही कान लावला. पलीकडे माग चालले होते. तिचा हात सतरंजीवर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात होता, मागातल्या धावत्या धोट्यासारखा. तिची आई पलीकडे तेच काम करत होती. मी तिच्या हाताशेजारी माझा हात ठेवला आणि तसाच फिरवू लागले. खटक, खटक. पुष्कळ वेळ गेला.

“तुझं चुकतंय,” तनिष्का म्हणाली.

“मग कसं करू?”

“तिसऱ्यांदा थांबायचं. आईचा माग अडकतो.”

मी कान देऊन ऐकलं. खरंच, दर तिसऱ्या फेरीला एक माग अडखळत होता. मी हात थांबवला. ती हसली.

“चूक,” मी मोठ्याने म्हणाले. “मॅडम, चूक. शांत मूल म्हणजे चांगलं मूल, हे चूक.”

छत एकदम कंबरेपर्यंत वर गेलं. भाभींनी टाळ्या वाजवल्या आणि सगळी मुलं जागी झाली.

तनिष्का त्यानंतर तीन दिवस बोलत होती. सात महिन्यांत न बोललेलं सगळं तिने क्रमाने बोलून काढलं. आधी पहिल्या दिवसाचं, “मला शू लागलीय.” मग गणपतीतलं, “मोदक मला मिळाला नाही.” मी तिला त्या त्या जागी नेलं आणि हवं ते दिलं. भाभींनी त्या दिवशीच एकवीस मोदक उकडले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आजच्या दिवसापर्यंत पोचली आणि म्हणाली, “आता भूक लागलीय.” मग जेवली.

उरलेले आठ धडे आम्ही सोळा दिवसांत संपवले. प्रत्येक मुलाच्या नावापुढे आज त्याने काय केलं ते मी वहीत लिहू लागले. कोपऱ्यात गाण्याची जागा केली, खिडकीशी चित्रांची. तोंडावर बोट कुणी ठेवत नव्हतं. गलका इतका व्हायचा की मागांचा आवाज भिंतीपलीकडे मागे सरकत सरकत रस्त्यापलीकडे गेला. मग बारावा धडा आला. मॅडमनी उठून पदर खोचला, दोन्ही हात वर केले आणि पडद्याबाहेर गेल्या. छत दहा फुटांवर होतं. मी चार महिन्यांचं बाळ उचलून डोक्यावर धरलं.

पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी धनवडे मॅडम फेरतपासणीला आल्या. पन्नाशीच्या, चष्मा, हातात खुणा करायचे कागद. मागच्या वेळी एक तारा त्यांनीच दिला होता.

“मुलं फार बोलतात,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणाले.

“हा गोंधळ कशाचा?”

“ती लाकडी विटांचं घर बांधताहेत. विचारा त्यांना.”

धनवडे मॅडमनी खाली बसून विचारलं. तनिष्काने त्यांना घर कसं बांधायचं ते सांगितलं, वर त्यांच्या दोन विटा चुकल्या म्हणून पुन्हा लावायला लावल्या. मॅडमनी कागद बाजूला ठेवून विटा लावल्या. मग हात धुतले, वीस सेकंद. मग मुलांबरोबर वरणभात खाल्ला.

“पाच,” जेवता जेवता त्या म्हणाल्या.

छत सुटलं. ते वर गेलं, वर गेलं, पंख्यापलीकडे, पिंपळाच्या उंचीपलीकडे, आणि आत दोन घारी फिरू लागल्या. मागांवरच्या बायका काम सोडून धावत आल्या आणि दारात न वाकता, ताठ मानेने आत शिरल्या. हसीनाभाभी खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात कोपरापासून पूर्ण उघडून गोल फिरल्या. त्या रडत होत्या. मी हसत होते, की मीही रडत होते, कुणास ठाऊक.

धनवडे मॅडम जेवण झाल्यावर सतरंजीवर आडव्या झाल्या. आम्ही त्यांना पांघरूण घातलं. संध्याकाळी एकेक करत बावीसही मुलं घरी गेली, धनवडे मॅडम तेवढ्या झोपून राहिल्या. सहा वाजले. धोतर नेसलेले एक फार म्हातारे गृहस्थ दारात आले.

“आमची शैलू नीट जेवली का आज?”

मी वही उघडली. तिथे बावीस नावांखाली तिचंही लिहिलं होतं. “जेवली,” मी म्हणाले. “दोन विटा चुकल्या, पण पुन्हा लावल्या.”

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि एक छोटी लाल चप्पल माझ्या हातात दिली. धनवडे मॅडम डोळे चोळत उठल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी उजवा पाय माझ्यापुढे केला.