हेरन्सच्या पोरांचा पलंग

मी पलंग बोलतोय. ओकच्या लाकडाचा, अंगानं भक्कम, लांबीला जरा जास्तच. तुम्ही म्हणाल, पलंगाला काय सांगायचं असणार? बरोबर आहे. जन्मभर लोकांनी माझ्यावर अंग टाकलं आणि डोळे मिटले, मला कुणी काही विचारलं नाही. आता रस्त्याच्या कडेला ऊन खात उभा आहे, तर म्हटलं मनातलं बोलून टाकावं.

मला लायलनं बनवलं, एकुलत्या एका मुलीसाठी. लायल नदीकाठच्या धान्याच्या गोदामात कामाला होता आणि सुतारकाम त्याच्या हौसेचं. मुलगी मोठी झाली, लग्न करून अ‍ॅरिझोनात गेली आणि वरची खोली ओस पडली. त्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोनं, डोरीननं, बेसबॉल क्लबाकडे आपल्या घराचं नाव दिलं.

आमचं गाव पोर्टर्स बेंड, मिसिसिपीच्या वळणावरचं. गावाचा संघ हेरन्स. मोठ्या संघात जायची स्वप्नं बघणारी विशीतली पोरं इथे एक-दोन उन्हाळे खेळतात. पगार असा की भाड्याची खोली परवडू नये. म्हणून गावातली घरं त्यांना सांभाळतात. भाडं नाही, काही नाही. पोरानं घरच्या बाईला मॉम म्हणायचं आणि बाईनं त्याचं पोट भरायचं.

पहिला पोरगा आला तो माझ्यात मावेना.

"पाय बाहेर लोंबतायत रे बिचाऱ्याचे," डोरीन म्हणाली.

"मग काय, कापू?" लायल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मलाच कापलं, मध्ये फळ्या बसवल्या आणि फूटभर लांब केलं. गादीला डोरीननं हातानं जोड शिवला. तो पाठीला लागतो अशी तक्रार पुढच्या सगळ्या पोरांनी केली, पण तिच्यासमोर एकानंही नाही.

किती पोरं झोपली माझ्यावर. एक झोपेत स्पॅनिशमध्ये आईशी भांडायचा. एकाला सलग आठवडाभर चेंडूच लागेना, तेव्हा तो उशीत तोंड खुपसून रडायचा आणि सकाळी खाली जाऊन खोटंखोटं हसायचा. मैदानावर ढाण्या वाघ, आणि इथे पांघरुणाचं टोक मुठीत धरून झोपायचे. माणूस झोपला की त्याचं सगळं सोंग उतरतं, असं तेव्हा मला वाटायचं. मी ओळखतो माणसं, अशी माझी घमेंड होती.

त्यातला एक किप हॅनिगन. यष्टिरक्षकासारखा बॅटवाल्याच्या मागे वाकून बसणारा, कॅचर. बसून बसून गुडघा कामातून गेलेला. डोरीन रोज बर्फाची पिशवी आणून त्याच्या गुडघ्याला बांधायची आणि पाझरलेलं पाणी माझ्या कडेच्या फळीत मुरायचं. दोन उन्हाळे राहिला. गुडघ्यानं शेवटी हात टेकले तेव्हा सामान बांधून गेला, आणि डोरीन आठवडाभर त्याच्या चादरी धुवायलाच तयार होईना. पण पोरगं विसरलं नाही हं. दर मदर्स डेला फोन यायचा. पुढे त्यानं सामान ठेवायची गोदामं बांधली, शहराशहरांत, आणि गब्बर झाला.

माझ्या त्या वरच्या खोलीच्या जमिनीत एक लोखंडी जाळी आहे. थंडीत खालची ऊब त्यातून वर येते आणि उबेबरोबर स्वयंपाकघरातलं बोलणंही येतं. माझं जगाचं ज्ञान म्हणाल तर एवढंच. त्या जाळीतूनच मला कळलं की हेरन्स विकायला काढलेत. जुना मालक महाकंजूस. मैदानाचं छप्पर गळायचं, आणि सातव्या इनिंगला दिवे गेले की लोक गाड्या आणून त्यांच्या दिव्यांवर खेळ चालवायचे. अशातच गावातला गस न्हावी दुकान उघडं टाकून आला.

"डोरीन, बस. बसलीस? किपनं विकत घेतले हेरन्स. आपल्या किपनं."

डोरीनच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग ती हसली, मग रडायला लागली.

त्यानंतर दर रविवारी खालच्या टेबलावर नुसत्या अपेक्षांचा बाजार भरायचा.

"पहिल्या वर्षी दिवे, दुसऱ्या वर्षी छप्पर, तिसऱ्या वर्षी विजेतेपद," गस म्हणायचा.

"मला विजेतेपद नको," लायल म्हणायचा. "एक डावखुरा पिचर द्या म्हणावं, जो चेंडू प्लेटवर टाकेल. आताचा प्रेक्षकांत टाकतो."

"तू तुझ्या पिचरचं बघ. मैदानावरच्या बायकांच्या संडासाबाहेरची रांग आटोपली तरी मी किपच्या नावानं मेणबत्ती लावीन," डोरीन म्हणायची.

चाळीस वर्षं हरणाऱ्या संघाची ती माणसं. पण मालक आपल्या घरचा झाला म्हटल्यावर त्यांना आकाश ठेंगणं झालं. मीही त्यातलाच. माझ्यावर झोपलेला पोरगा मालक झाला म्हणून माझी छाती फुगली होती, पलंगाला छाती असती तर.

मग मैदानाच्या दुरुस्तीचा विषय निघाला. किपचं म्हणणं, दिवे आणि छप्पर गावानं कर लावून करावं, बाकीचं तो बघेल. गावात मतदान ठरलं. गस सावध माणूस, त्यानं एक खुट्टा मारून ठेवला: संघ गाव सोडणार नाही असं किपकडून आधी लिहून घ्या, मग कर. आणि ते ठरवायला संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली.

त्या दिवशी दुपारी किप घरी आला. सभेआधी जरा पडतो म्हणाला आणि जिना चढून वर आला. अंग सुटलं होतं, वास महाग झाला होता, पण गुडघ्याखाली उशी घेतली ती तश्शीच. बुटांसकट आडवा झाला आणि त्यानं फोन लावला.

"हो, सौदा पक्का समज," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढचा मोसम इथे, मग टेक्सस... नाही, इथे कुणाला काही कळता कामा नये. आधी दिवे लागू देत. दिवे नसले तर लीग मोसमच खेळू देणार नाही, आणि मोसम बुडाला तर संघाची किंमत पडेल... लिहून? नाही देणार. बघतो कसं टाळायचं ते."

माझ्या फळ्या थंड पडल्या. एक करकर तरी करावी म्हटलं, पण लायलनं सांधे असे घट्ट बसवलेत की तेही जमेना.

दारावर टकटक झाली. डोरीन टॉवेल घेऊन आली आणि माझ्या कडेवर बसली.

"गुडघा कसाय रे?"

"बरा आहे, मॉम."

"तू आलास आणि बघ, गावात लोक एकमेकांशी बोलायला लागलेत. लायल ऑपरेशननंतर जिने चढायचा नाही, आता मैदानाच्या पायऱ्या चढायचा सराव करतोय."

किप उठून बसला. त्याचा हात माझ्या कडेवर आवळला गेला. "मॉम, एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांग की."

खालून मंद आचेवर शिजणाऱ्या मांसाचा वास येत होता.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

खाली जाऊन दोनदा वाढून घेऊन जेवला. मी आवाजावरून सांगतो.

संध्याकाळी सभेत काय झालं ते परत आल्यावर लायलच्या तोंडून कळलं. गसनं लिहून घ्यायची गोष्ट काढली, अर्धा हॉल त्याच्या बाजूचा झाला, आणि मग डोरीन उभी राहिली. म्हणाली, "दोन उन्हाळे हा माझ्या घरात जेवलाय. आजही जेवून आलाय. अशा माणसाकडून मी कागदावर सही घेऊ? मला लाज वाटेल, तुम्हालाही वाटायला हवी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गस खाली बसला. कागदाचा विषय तिथेच संपला, मतदानात कर मंजूर झाला.

पुढचा मोसम सुरू व्हायच्या आत दिवे लागले. मोसम झाला. हेरन्स तेव्हाही हरलेच, पण लख्ख उजेडात. सप्टेंबरात किपच्या कचेरीनं जाहीर केलं की संघ टेक्ससला चाललाय.

कुणी डोरीनला तोंडावर बोललं नाही. आमच्या गावात तसं बोलत नाहीत. चर्चच्या जेवणाला प्रत्येक घरानं एक पदार्थ न्यायचा असतो, तिथून तिचं बटाट्याचं भांडं जसंच्या तसं परत आलं, एवढंच. गसनं रविवारी यायचं बंद केलं. दुकानात ती रांगेत आली की गप्पा थांबायच्या. पुढच्या मदर्स डेला फोन वाजला तेव्हा लायलनं उचलला, काही न बोलता ठेवला आणि बाहेर जाऊन गवत कापत बसला. डोरीन जिना चढून वर आली आणि माझ्यावर आडवी झाली, पहिल्यांदाच. इतकी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं.

आता पोरं येणार नाहीत, म्हणून आज तिनं मला बाहेर काढायला लावलं. इथे नको असलेली वस्तू रस्त्याच्या कडेला ठेवतात, ज्याला हवी त्यानं न्यावी. हे तुम्हाला सांगता सांगता गसची गाडी थांबली. तो उतरला, डोरीनकडे न बघता माझा सांधा चाचपला.

"चांगला पलंग आहे," तो म्हणाला.

"ने मग."

गस तिथेच उभा राहिला. "डोरीन, एक विचारू? त्या सभेच्या दिवशी त्याला ठाऊक होतं ना सगळं?"

"नाही," ती म्हणाली. "नंतर त्याच्या भागीदारांनी गळ घातली असणार. त्याला अंडी कशी लागतात ते मला ठाऊक होतं, म्हणून मला वाटलं माणूसच ठाऊक आहे. ती माझी चूक, गावानं काय म्हणायचं ते म्हणावं. पण त्या दिवशी त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर माझ्या ताटात जेवला नसता."

गसनं गाडीतून दोर काढला. मला बांधेपर्यंत डोरीन शेजारी उभी होती, ताठ, हात बांधून. तेवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे, हे मला दिसत होतं.

आता मी गसच्या घरी चाललोय. त्याचा नातू झोपेल माझ्यावर. माझं काही मागणं नाही. फक्त कधी पोर्टर्स बेंडवरून गेलात आणि डोरीन भेटली, तर त्या दुपारच्या फोनचं तिला सांगू नका.