गुरुवारचं उष्टं

स्वयंपाकीणबाईंनी रश्श्यात चमचा बुडवला, फुंकर घालून तो जिभेला लावला आणि दरवेळेसारखी मान डोलावली. जिभेला नुसतं गरम लागलं. चार महिन्यांपूर्वीच्या तापात चव गेली, ती परत आलीच नव्हती. हे त्यांनी घरी मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेल्या बाईने हे सांगायचं तरी कुणाला?

त्यात सरकारचा हुकूम आला. अन्न वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक सरकारी इस्पितळाने पंधरा दिवस रोग्यांच्या ताटांतलं उष्टं तोलायचं, अन्न का टाकलं तेही विचारायचं. रोजची सरासरी दहा किलोंच्या वर गेली तर स्वयंपाकघर ठेकेदाराकडे. म्हणजे बाईंची नोकरी गेलीच, तीही निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना.

एक तरुण कारकून काटा घेऊन भांडी घासायच्या खोलीच्या दारात बसू लागला. बाईंनी ते दिवस जीव मुठीत धरून काढले. मीठ अंदाजाने पडत होतं, आणि अंदाज तो अंदाजच.

शेवटच्या दिवशी कारकुनाने वही उघडली.

"पास झालात, बाई. सरासरी सात किलो."

बाईंना खरं वाटेना. त्यांनी वही स्वतःकडे ओढली. सहा, साडेसहा, पाच, सहा. कारणं म्हणजे 'भूक नव्हती', 'डॉक्टर नको म्हणाले'. एका गुरुवारी मात्र चोवीस किलो, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: खारट.

"ते सोडा हो," कारकून हसला. "एखाद्या दिवशी हात चुकतो."

त्या गुरुवारी भांडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती, हे बाईंना आठवलं. भांडी घासणारी मावशी रजेवर होती, तिच्या लेकीला मुलगी झाली होती. एरवी रस्सा उतरवला की "पातेलं मी नेते" म्हणत ती पुढे व्हायची आणि बाई हात धुवायला जायच्या. हिला कसली एवढी घाई, म्हणून बाईंनी तिला दोनदा झापलंही होतं.

त्या उठून आत गेल्या. मावशी कोपरापर्यंत साबणात होती.

"कधीपासून गं?"

मावशीने हातातलं ताट घासणं थांबवलं नाही.

"तापातून उठलात ना, तेव्हा ताटं भरलेली परत यायला लागली. ताटं मीच धुते, बाई. मला नाही कळणार तर कुणाला? मग कधी चिमूटभर मीठ, कधी तांब्याभर गरम पाणी."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

बाईंचे डोळे भरून आले. दहा वर्षांत त्यांनी मावशीला कुठलं पातेलं नीट निघालं नाही, एवढंच काय ते सांगितलं होतं. त्यांना तिच्या पायाच पडावंसं वाटलं. पण त्या ओली ताटं पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दारात काटा नव्हता. रस्सा उकळला तसा बाईंनी सगळ्या मदतनिसांदेखत हाक मारली.

"मावशी, ये गं. चव बघ."

भाजी चिरणाऱ्या बायका थांबल्या. एकीने विचारलं, "बाई, तुम्ही नाही बघणार?"

"मला चव लागत नाही," बाई म्हणाल्या. "हिला लागते."

मावशीने हात पुसले, चमचा घेतला, जरा वेळ लावला.

"चिमूटभर कमी आहे."

बाईंनी मिठाचा डबा तिच्यापुढे सरकवला.