उरलेला शब्द

हिल्डाने भाजलेल्या पावाचा आणखी एक तुकडा ताटलीत ठेवला आणि ताटली विल्फपुढे सरकवली. विल्फने ती डाव्या हाताने तितक्याच हळू परत सरकवली.

"राउंड," तो म्हणाला.

"म्हणजे पुरे झाला?"

"राउंड." आणि त्याने दाराकडे पाहिलं.

वसंतात झटका आला, त्यात विल्फ थॅक्रेची उजवी बाजू लुळी पडली आणि भाषा गेली. उरला तो हा एक शब्द. पाणी हवं असलं तरी राउंड, उशी टोचली तरी राउंड, मांजर मांडीवर आलं तरी राउंड. वाचा शिकवायला येणारी शोना म्हणाली होती, असं होतं कधीकधी. "शब्दामागे फार धावू नका. चाल ऐका. शब्द गेले तरी बोलण्याची चाल बहुतेकांची शाबूत राहते." हिल्डाने मान डोलावली होती. तेव्हा तिला औषधांच्या वेळा पाठ करायच्या होत्या, चालीबिलीत लक्ष नव्हतं.

बरं, उरावा तर कोणता शब्द! यॉर्कशायरच्या त्या खोऱ्यात राउंड कशाला म्हणत नाहीत, तेच विचारावं. विल्फने उभा जन्म पहाटे घरोघरी दूध घातलं, त्या फेरीचं नाव राउंड. रविवारी चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा लहानीपासून मोठीपर्यंत ओळीने वाजतात, तेही राउंड, आणि तिथे तिसऱ्या घंटेचा दोर विल्फचा. घंटा वाजवून घसे कोरडे पडले की मंडळी नॉर्मनच्या पबमध्ये जातात, तिथे ज्याची पाळी त्याने सगळ्यांना बीअर पाजायची, तोही राउंडच. इस्पितळात डॉक्टर खाटांमधून फिरतो, तो राउंड. आणि शेजारच्या आयव्हीला विचाराल तर भाजलेल्या पावाचा तुकडा, तोसुद्धा.

त्यामुळे विल्फच्या मनात काय आहे, ते प्रत्येकाला अगदी नक्की माहीत होतं. फक्त प्रत्येकाचं नक्की वेगळं होतं.

"दोर हवाय त्याला," क्लिफर्ड मेटकाफ म्हणायचा. तो घंटावाल्यांचा म्होरक्या. आठवड्यातून दोनदा येऊन तो थॅक्र्यांच्या अंगणातलं गवत कापून जायचा, न सांगता. "घंटा वाजवणाऱ्याला दुसरं काय आठवणार?"

"तू गप. तुला झोपेत शिंक आली तरी ती घंटाच वाटते," नॉर्मन म्हणायचा. तो येताना जळणाची लाकडं घेऊन यायचा आणि परसात रचून ठेवायचा. "माणूस तहानलाय, दिसत नाही?"

नॉर्मनने पबमधून बीअरचा जग भरून आणला. विल्फने दोन घोट घेतले, मिशी पुसली, हसला. क्लिफर्डने घंटांचं रेकॉर्डिंग लावलं. विल्फने डोळे मिटून ऐकलं आणि तिसऱ्या घंटेला बरोबर डावं बोट हलवलं. आयव्हीने तर पाव भाजून भाजून त्याला पोटफुगी आणली. सगळं त्याला आवडत होतं. पण संध्याकाळी मंडळी जायला उठली की पुन्हा तेच. तो दाराकडे पाहायचा, मग डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरून हलवायचा आणि म्हणायचा, राउंड, राउंड. चेहरा लाल व्हायचा. शेवटी डोळ्यांतून पाणी यायचं. मंडळी गेली की मग हिल्डाकडे वळून तेच. ती वाकून त्याचे बूट काढत असायची आणि वरून तो शब्द तिच्या डोक्यावर पडत राहायचा.

"मागतोय काहीतरी," हिल्डा एकदा आयव्हीला म्हणाली. दोघी मोरीशी उभ्या होत्या, आयव्ही भांडी पुसत होती. "इतकी वर्षं त्याने तोंड उघडायच्या आधी मला कळायचं. चहा की मोजे, तेसुद्धा. आणि आता तो रडतो नि मी ठोंब्यासारखी उभी."

"हात दुखतो का त्याचा?"

"डॉक्टर म्हणतात, त्या हाताला काही कळतच नाही."

"मग बाहेर जायचं असेल. दाराकडे बघतो ना सारखा." आयव्हीने बशी उजेडात धरून पाहिली. "माझ्या दारात तो रोज पहाटे यायचा, हिल्डा. मी रिकाम्या बाटल्या द्यायचे आणि म्हणायचे, उद्या दोन ठेव रे. तो टोपीला दोन बोटं लावायचा आणि म्हणायचा, 'आभारी आहे हं, बाई.' माझ्या हॅरीने लग्नापासून मरेपर्यंत एकदा म्हटलं असेल तर शपथ."

"मला कुठे म्हणाला कधी," हिल्डा हसून म्हणाली. "घरच्या बाईसाठी कोण टोपीला हात लावतं? आणि घरात शिरला की आधी टोपी खुंटीला."

हसताना तिचा आवाज मध्येच चिरकला. आयव्हीने फडकं खाली ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवला.

दारातल्या तीन पायऱ्यांमुळे विल्फ इस्पितळातून आल्यापासून घराबाहेर पडला नव्हता. त्या शनिवारी क्लिफर्ड आणि नॉर्मन चर्चच्या एका मोडक्या बाकाच्या फळ्या घेऊन आले आणि दिवसभर भांडत, एकमेकांची मापं चुकीची ठरवत, त्यांनी पायऱ्यांवर चाकाच्या खुर्चीसाठी उतार बसवला. रविवारी सकाळी विल्फला मनोऱ्याखाली न्यायचं ठरलं. जिवंत घंटा ऐकल्या की कळेलच, क्लिफर्ड म्हणाला.

थंडी होती. हिल्डाने विल्फच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला, गुडघ्यांवर घोंगडी टाकली. बाकीचे तिघे आधीच अंगणात उभे होते. नॉर्मन उतारावर उड्या मारून फळ्यांची परीक्षा घेत होता. खुर्ची ढकलायला तिने हात लावला, तर विल्फने डावा पाय जमिनीत रोवला.

"राउंड."

"अरे, तिकडेच तर चाललोय!"

तो दाराकडेच पाहत होता. दार सताड उघडं होतं, तरी नजर बाहेर जात नव्हती. ती दाराच्या मागे होती. हिल्डाने दार जरासं ओढलं. मागे खुंटीवर त्याची दूधवाल्याची टोपी होती, झटका आला त्या दिवशी टांगलेली, वर धूळ बसलेली. तिने ती कोटावर झटकली आणि त्याच्या डोक्यावर घातली.

विल्फ एकदम शांत झाला. खुर्ची दारातून बाहेर आली, उतारावरून खाली उतरली आणि तिघांपुढे थांबली. मग त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तो निर्जीव हात उचलायला सुरुवात केली. छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला. दोन बोटं टोपीच्या कडेला टेकली.

"राउंड," तो क्लिफर्डला म्हणाला.

हात खाली पडला. त्याने दम घेतला, पुन्हा उचलला आणि नॉर्मनकडे पाहिलं. "राउंड." नंतर आयव्हीकडे. शब्द तोच, पण सुरुवातीला थोडा वर चढून शेवटी अलगद खाली येणारा. ती चाल हिल्डाने आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून किती पहाटे ऐकली होती. गल्लीतल्या एकेका दारातून ती ऐकू यायची, पुढे पुढे जात.

"आता बोला," क्लिफर्ड घसा साफ करत म्हणाला. "घंटाच म्हणतोय ना?"

आयव्हीने तोंडावर हात धरला होता.

"तो काही मागत नाहीये, क्लिफर्ड," हिल्डा म्हणाली. "इतके दिवस काहीच मागत नव्हता."

क्लिफर्डला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने आपली टोपी काढली आणि काय करावं न सुचून ती हातात फिरवत राहिला. नॉर्मन उताराची फळी उगाच पुन्हा तपासू लागला.

हिल्डा खुर्ची ढकलायला मागे जाणार, तोच विल्फने तिची बाही धरली आणि तिला पुढे घेतलं. दमला होता. उजवा हात या खेपेला छातीपाशीच अडला. तिला वाटलं, कोपराला आधार द्यावा. हात पुढेही गेला तिचा. मग तो तिने मागे घेतला आणि पोरीसारखी सरळ उभी राहिली.

बोटं टोपीला टेकली.

"राउंड," विल्फ म्हणाला.

हिल्डाने डोळे पुसले नाहीत.

"उद्या दोन बाटल्या ठेव रे," ती म्हणाली.