दिवस न नेमता

अजाणता घडलेली चूक क्षम्य असू शकते. ती कळल्यानंतरही सोयीसाठी तशीच राहू देणे मात्र हीन होय, कारण तेथे अज्ञानाचा आडोसा उरत नाही. हे मी दुसऱ्या कुणाला उपदेश करण्यासाठी लिहीत नाही. ज्या कागदावरून पुढील प्रकार घडला, त्याच्या तळाशी 'तपासले' असे लिहून माझीच सही होती.

न्यायालयाच्या भाषांतर विभागात मी एकोणतीस वर्षे काढली. खोली तळमजल्यावर, खिडकी एकच, तीही फायलींच्या थप्पीमागे. सारे मला शास्त्रीबुवा म्हणत. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून असे.

एका सकाळी पन्नाशीची एक बाई आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करी. मनगटांवर वाफेने भाजल्याचे जुने डाग होते. तिची बहीण वारली होती. बहिणीची आठ वर्षांची मुलगी बालगृहात होती आणि ती आपल्या ताब्यात मिळावी, म्हणून या मावशीने पाच महिन्यांपूर्वी अर्ज केला होता.

"साहेब, मी मेले कधी?" तिने विचारले.

हेडक्लार्कांनी मान वर केली. "काय म्हणता?"

"निकाल लागेपर्यंत भाचीला भेटायचं नाही, असं सांगितलं होतं. नाही भेटले. काल न राहवून बालगृहात चौकशीला गेले, तर दारावरची बाई मला बघून किंचाळली. मग आतून हा कागद आणून दाखवला. तारीख तरी सांगा. त्या दिवशी मी कामावर असले, तर हजेरीपटावरून नाव खोडून घेते."

कागदावर लिहिले होते: 'अर्जदार मयत झाल्याने प्रकरण बंद.'

मी मूळ इंग्रजी आदेश काढला. न्यायाधीशांच्या घाईच्या अक्षरात तेथे दोनच शब्द होते, 'सायनी डाय', आणि त्यांच्या आधी 'तहकूब' या अर्थाचे एक संक्षिप्त रूप. भाषांतर करणाऱ्या आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याला मी विचारले.

"मला वाटलं, मॅडमची अक्षरं राहिली," तो म्हणाला. "'सिन्स'मधला 'सी' गेला, 'डाइड'चा शेवटचा 'डी' गेला. मी आपलं सुधारून 'मयत झाल्याने' केलं."

हे शब्द मूळचे लॅटिन, 'सिने डिए': 'सिने' म्हणजे विना आणि 'डिए' म्हणजे दिवस. पुढचा दिवस न नेमता प्रकरण तहकूब ठेवणे, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. न्यायाधीशांना मावशीच्या घराच्या पाहणीचा अहवाल हवा होता. तो आल्यावर तारीख पडायची होती. त्या 'डिए'चे आणि आपल्या 'दिवस' शब्दाचे मूळ एकच, प्रकाशणे या अर्थाचे. हे मी तरुणपणी शिकलो होतो, लोकांना कौतुकाने सांगतही असे. तरी तो कागद न वाचता मी सही केली होती. पाहणीचा अहवाल अनुकूल येऊन, बंद फायलीत सात आठवडे पडून होता.

हेडक्लार्कांनी मावशीला बाहेरच्या बाकावर बसवले आणि डबा उघडला.

"शास्त्रीबुवा, दुरुस्ती म्हणजे मॅडमपुढे टिपण. टिपण म्हणजे चौकशी. तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आलीय. बाईला नवा अर्ज करू द्या."

"त्याला वर्ष लागेल."

"लागू द्या की! शिवाय मुलीला एक जोडपं बघून गेलंय. महिनाअखेर घेऊन जातील. चांगले लोक आहेत. सगळ्यांचंच भलं होईल."

"नव्या अर्जात कारण काय लिहायचं?" कनिष्ठ म्हणाला. "पुनर्जन्म?"

दोघेही खो खो हसले. हेडक्लार्क उकडलेले अंडे सोलत होते आणि टरफलाचे ओले तुकडे त्याच फायलीवर, मावशीच्या नावावर, ठेवत होते. मला शिसारी आली. आणि ती शिसारी केवळ त्यांची नव्हती. 'चार महिने' हे शब्द ऐकताच माझेही मन क्षणभर थबकले होते. त्या क्षणाची किळस मला आजही येते.

मी टरफले झटकली, फाइल उचलली आणि टिपण स्वतःच्या हाताने लिहून वर गेलो.

न्यायाधीशबाईंनी ते दोनदा वाचले. "तुम्ही हे तपासलं नव्हतंत?"

"नाही. सही मात्र केली."

"अहवाल का आला नाही, हे मीही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. मुलीला कुणाच्याही ताब्यात देऊ नये, असा आदेश त्यांनी तेव्हाच काढला आणि परवाची सुनावणी नेमली.

जिन्यात हेडक्लार्क भेटले. "मोठे हरिश्चंद्र लागून गेलात! आता भोगा." चौकशी झाली, तिघांनाही ठपका मिळाला. तो आम्हाला शोभूनच दिसला.

सुनावणीच्या दिवशी मुलीला न्यायाधीशांच्या दालनात आणले. मावशी उठली, पण मुलगी दाराशीच थांबली.

"तू खरी आहेस?"

"चिमटा काढून बघ."

मुलीने खरेच जवळ येऊन चिमटा काढला, तोही जोराने. "आई गं!" मावशी कळवळली, तरी मुलगी हसली नाही.

"ते म्हणाले, रडून घे एकदा. मी घेतलं रडून. आणि तू तर होतीस!"

माझ्याकडे सांगण्यासारखे होते, म्हणून मी पुढे झालो. "बाळ, तुझ्या मावशीची काही चूक नाही. कागदावर चुकीचं लिहिलं गेलं, आणि मी ते वाचलं नाही."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "वाचता येत नाही तुम्हाला?"

"येतं," मी म्हणालो.

यापुढे विचारण्यासारखे तिच्याजवळ काही उरले नसावे. ती वळली आणि मावशीच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट विळखा घालून उभी राहिली. न्यायाधीशबाईंनी ताबा मावशीला दिला. त्या आदेशाचे भाषांतर मी केले आणि सही करण्यापूर्वी ते अक्षर न् अक्षर वाचले.

त्या दोघींचे घर सुखाचे असो. ज्या जोडप्याने मुलीसाठी पलंग मांडून ठेवला होता, त्यांचीही कूस लवकर भरो. आणि तळमजल्यावरच्या त्या खोलीत बसणाऱ्यांना, त्यांत मीही आलोच, सद्बुद्धी लाभो.