मध्ये आडवा

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल, हिवाळ्याची अखेर. लढाई थांबली आणि मला रस्त्यात आडवं टाकलं. मी दोन गावांच्या मधला दांडा बोलतोय. फाटक म्हणू नका. मी एकसंध लाकूड आहे. अंगात एक गाठ नाही.

अलीकडच्या गावातल्या सुताराने मला तासलं. अनेक देशांनी मिळून पाठवलेल्या शांतिसेनेने मला बसवलं. माझा रंग कोणता, यावर दोन्हीकडचे अधिकारी बैठकांवर बैठका भांडले. शेवटी ज्याने त्याने आपापलं टोक रंगवलं. तेव्हाच मी ओळखलं, इथून लवकर सुटका नाही.

नियम एकच. दोन्ही बाजूंनी फोनवर होकार दिला, तरच मला उचलायचं.

त्याच वर्षी सुताराची बायको बाळंतपणात अडली. पलीकडची सुईण कुणालाही न विचारता माझ्याखालून वाकून आली. दोन्हीकडच्या टेकड्यांवर सैनिक बसलेले; एका टेकडीवरून गोळी सुटली. ती थांबली नाही. मुलगी झाली.

"मावशी, तुझं ऋण ठेवणार नाही," सुतार म्हणाला.

"ठेव की! पळून जाशील कुठे? मध्ये दांडा तूच घातलास."

पुढे शांतिसेनेचे साहेब बदलत राहिले. नवा आला की त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. खांद्याला बंदूक, पण चालवायची नाही. नुसतं मध्ये उभं राहायचं. लोक त्यांना हसायचे. मी हसलो नाही. माझंही काम तेच. माझा रंग उडाला, पाठ वाकली, तह काही झाला नाही.

यंदा सुईण अंथरुणाला खिळली. दवाखाना अलीकडे. तिचा मुलगा आणि शेजारी तिला खाटेवर घालून माझ्यापाशी आले. शांतिसेनेच्या कप्तानाने दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना फोन लावले.

"आधी त्यांनी हो म्हणावं," अलीकडचे म्हणाले. पलीकडचेही तेच म्हणाले. दुपार कलली. म्हातारीला धाप लागली.

सुतार धावत आला. "साहेब, उचला ना दांडा!"

"हुकूम नाही."

"उचलायला हुकूम लागतो. वाकायला?"

 कप्तानाने बंदूक खाली ठेवली, हातात पांढरं फडकं घेतलं आणि दोन्ही टेकड्यांना दिसेल असा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. नुसतं उभं राहायला काय लागतं, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. गोळी सुटली नाही.

सुताराने खाटेचा एक पाय धरला, त्याच्या मुलीने दुसरा. खाट माझ्याखालून सरकली.

"हळू रे! मी काय फळी आहे?" म्हातारी करवादली.

बरी होऊन ती परत निघाली, तेव्हा कुठे दोन्हीकडचा होकार आला. मला उचललं. मी करकरलो. इतक्या वर्षांत कुणी तेल घातलं नव्हतं.

"मावशी, फिटलं?"

"फिटलं."