पुढचा बाक

"मार्सेलिनाबाय, इस्त्री ठेव! तुझ्या लिओनार्डचा फोन हाय!"

चर्चची घंटा वाजवणारा हर्बर्ट दारात धापा टाकत होता. मार्सेलिना संध्याकाळसाठी काळ्या फ्रॉकला इस्त्री करत होती. लिओनार्डला जाऊन महिना झाला होता, चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिसा, म्हणजे मयतासाठीची प्रार्थना, होती. ती भडकलीच. "सकाळी सकाळी पिऊन आलास काय रे? मेलेला माणूस फोन करतो?"

लिओनार्ड तिचा धाकटा भाऊ. फादर होऊन मध्य अमेरिकेतल्या एका देशात गेला होता. तिथे मळ्यांतल्या मजुरांची बाजू घेणाऱ्यांना बिननंबरच्या गाडीतून आलेली माणसं उचलून नेत, आणि सरकार कानांवर हात ठेवी. तसंच एक प्रेत रस्त्याकडेला सापडलं होतं. चेहरा ओळखण्यासारखा ठेवला नव्हता. अंगात लिओनार्डचा पांढरा झगा होता, वाकोल्यात मार्सेलिनानेच शिवलेला. मग कोण कशाला शंका घेतंय?

ती अनवाणीच चर्चच्या ऑफिसात पोचली आणि फोन कानाला लावला.

"मासू, मी जिवंत हाय गं. डोंगरात लपलेलो. काल सरहद्द ओलांडली."

"मेल्या!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग ती हसतही सुटली आणि रडतही. "तुझ्यापायी महिनाभर मच्छी तोंडात घातली नाय मी!"

तिकडे तो हसला नाही. "माझा झगा मातेओनं घातलेला. गावातला पाववाला. बोलला, फादर, तुम्ही मागच्या दारानं पळा, ते झगा बघूनच नेतात."

लाईन तुटली.

फादर पास्कल बाजूलाच उभे होते. त्यांचा चेहरा फुलला होता. "देव पावला! आजची मिसा रद्द. घरी जा, झकास बांगडे तळा."

मार्सेलिनाला खरोखरच भूक लागली होती. कितीतरी दिवसांनी अंग हलकं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

"रद्द नको, फादर. नाव तेवढं बदला. त्याचा झगा घालून जो मेला, तो मातेओ."

"अहो, पण मयताच्या घरचे पुढच्या बाकावर बसतात. त्याचं इथं कोण आहे?"

घरी जाऊन तिने इस्त्री पुन्हा तापवली.

संध्याकाळी फादरांनी मातेओचं नाव घेतलं तेव्हा लोक माना वळवून एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या बाकावर काळ्या फ्रॉकमध्ये मार्सेलिना एकटीच उठून उभी राहिली.