चाली जाई

कोर्सची निवड म्हणे हेमांगीने करायची होती! कसली निवड आणि कसलं काय. जळगावच्या त्या ठिबकच्या कारखान्यात प्रशिक्षणाचं टेबल तिच्याकडे, एवढंच. बारा फिटरांना कामाचं नियोजन शिकवायचं आणि परीक्षेत जो पहिला येईल, तो सावद्याच्या साइटवर सुपरवायझर. वीस वर्षं पाइप जोडत आलेल्या रोहिदासभाऊंची ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

कोर्स दोन. एक धुळ्याच्या पंडित सरांचा, मराठीत, साइटवर उभं राहून. दुसरा ऑनलाइन, सगळा इंग्रजीत, सर्टिफिकेट मात्र चकचकीत. हेमांगीने पंडित सरांच्या नावापुढे खूण केली. साहेब म्हणाले, "आपण माणसांनाच विचारू की!"

आणि खरंच विचारलं, बाराही जणांना रांगेत उभं करून. "ऑनलाइन चालेल ना?"

रोहिदासभाऊंनी टोपी सारखी केली. "चाली जाई, साहेब."

"चाली जाई," बाकीचेही म्हणाले.

साहेब खूश. पुण्याचा माणूस, त्याला काय ठाऊक! हेमांगी साक्रीची. पंगतीत भाजी आंबट लागली तरी तिचे नाना यजमानाला "चाली जाई"च म्हणायचे. चाली जाई म्हणजे नको, पण तुमच्या तोंडावर नको कसं म्हणू!

"साहेब, ते नाही म्हणतायत," ती म्हणाली.

"अहो, मी माझ्या कानांनी ऐकलं!"

आता काय भिंतीवर डोकं आपटायचं?

शेवटी ऑनलाइनच ठरलं. परीक्षेत पहिलाच प्रश्न होता, कोणतं काम झाल्याशिवाय कोणतं सुरू होत नाही. चारी खणल्याशिवाय पाइप टाकायचा नाही, हे रोहिदासभाऊ झोपेतही सांगतील. पण प्रश्न इंग्रजीत. ते हेमांगीकडे बघत राहिले. तिला अर्थ सांगायची परवानगी नव्हती, वर कॅमेरा चालू. भाऊंनी स्वतःचं नाव टाइप केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

निकालही तिलाच सांगावा लागला. "भाऊ, चुकलं माझं. मी भांडायला हवं होतं," म्हणताना तिला रडू आवरेना.

"चाली जाई, माय," रोहिदासभाऊ म्हणाले.

दारात साहेब उभे होते. "बघा," ते हेमांगीला म्हणाले, "त्यांना काहीच वाटलं नाही. तुम्ही उगाच रडताय."